बुडबुडा मध्ये येईपर्यंत

गडचिरोलीहून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "गाडीत झोपलात? भीती नाही वाटली?" वाटली ना. आठच्या आठ दिवस वाटत होती. पण लोकांच्या मनात जी असते ती नव्हे. मला भीती होती उताराची. घाटाच्या उताराची नाही, जमिनीच्या त्या दोन बोटं उताराची, जो उभ्या माणसाला दिसत नाही आणि आडव्या माणसाला सोडत नाही.

माझे यजमान सुधाकर. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण लिहिताना सगळीकडे 'अहो' लिहिलं तर वाचणाऱ्याची पंचाईत, म्हणून इथे नाव. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली, बाकडी काढून टाकली आणि दोन वर्षं खपून तिचं फिरतं घर केलं. ओटा, गॅस, पाण्याची टाकी, आणि सगळ्यात मागे आडवा पलंग. आडवा म्हणजे झोपलं की डोकं गाडीच्या डाव्या अंगाला आणि पाय उजव्या. घर तयार झालं आणि सहाच महिन्यांत यांना चक्कर येण्याचा आजार लागला. कानाच्या आत म्हणे बारीक खडे असतात, ते जागचे हलले की सगळं जग गरगरतं. तसं ते दोनदा गरगरलं. दोन्ही वेळी नुसत्या उलट्या, आणि दोन-दोन दिवस भिंत धरून चालणं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, झोपताना डोकं पायांपेक्षा खाली जाता कामा नये.

आता गाडीत झोपायचं, रोज नव्या जमिनीवर, आणि डोकं खाली जाता कामा नये. त्यात गाडी चालवणारे हे एकटेच. माझ्याकडे परवाना आहे, अकरा वर्षांपूर्वी काढलेला. त्यानंतर मी चार वेळा गाडी चालवली. चौथ्या वेळी शेजाऱ्यांच्या कुंपणाची भिंत जरा घासली आणि मी किल्ली जी खुंटीला लावली ती लावलीच. म्हणजे यांना जंगलात चक्कर आली की आम्ही तिथेच.

म्हणून मी अट घातली. प्रवासात एकदा जरी चक्कर आली, तर परत आल्यावर गाडी विकायची. सुधाकर एका शब्दाने 'हो' म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की मला संशय आला. कारण नंतर कळलं. त्यांना गडचिरोलीलाच जायचं होतं. लग्नानंतर लगेच त्यांची बदली तिकडच्या डेपोला झाली होती. मी साताऱ्यात कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, नोकरी सोडून जाणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जाण्याची छातीही नव्हती. तीन वर्षं ते पत्रातून लिहीत राहिले, 'एकदा इथली धानाची शेतं बघायला ये.' मी गेले नाही. आता त्यांना ती दाखवायची होती.

साहित्याची निवड

प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं तराजू सपाट केले. वजन करण्याआधी तराजूच्या पायांचे स्क्रू फिरवायचे, काचेखालचा बुडबुडा बरोबर वर्तुळाच्या मध्ये आणायचा, मगच हात लावायचा. मोडीत निघालेल्या एका तराजूचा तो गोल बुडबुडा मी निवृत्त होताना मागून आणला होता. तो गाडीतल्या ओट्यावर चिकटवला. तो मध्ये आला तर गाडी सपाट, नाहीतर नाही. मोबाइलवरही असलं काही दिसतं म्हणे, पण माझा विश्वास काचेवर.

आता गाडी सपाट करायची कशाने? महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. चाकाखाली घालून पंपाने फुगवायच्या उशा असतात, त्या सुधाकरांनी पहिल्याच दिवशी बाद केल्या. "काटा रुतला तर झोपेतच खाली." मग चार कोपऱ्यांना स्क्रूचे पाय लावायचा विचार मी मांडला, अगदी तराजूसारखे. त्यावर ते म्हणाले की ते पाय गाडी डुलू नये म्हणून असतात, उचलायला नाही. त्यांच्यावर गाडी तोलली तर वाकतील. जॅक तर चाक बदलण्यापुरता, त्यावर माणूस झोपवायचा नाही, हे त्यांनी वर्कशॉपच्या आवाजात सांगितलं. शेवटी उतरत्या पायऱ्यांचे दोन पिवळे प्लॅस्टिकचे ठोकळे मागवले. जे चाक खाली असेल त्याच्यापुढे ठेवायचे, गाडी हळू वर चढवायची, हव्या त्या पायरीवर थांबवायची. हलके, धुता येणारे, दिसायला छान. मला ते पहिल्यापासून खेळण्यातले वाटले.

माझा भरवसा लाकडावर होता. आमच्या प्रयोगशाळेची जुनी टेबलं मोडली तेव्हा एका टेबलाची फळी मी लिलावात घेतली होती. अस्सल सागवान, दोन इंच जाड, जागोजाग आम्लाचे काळे डाग. सुताराकडून तिचे आठ ठोकळे करून घेतले आणि पलंगाखाली ठेवले. सुधाकर म्हणाले, "उगाच वजन." मी म्हटलं, "असू दे."

चंद्रपूर

मधले दोन दिवस फक्त रस्ता होता, ते सोडून देते. चंद्रपूरला शिरलो ते कोळशाच्या ट्रकांच्या मागून. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काळं व्हायचं. शहराभोवतीच्या जुन्या परकोटाच्या वेशीतून रहदारी जाते आणि कोणी मान वर करून बघत नाही. आमच्याकडे एवढा परकोट असता तर आम्ही त्याच्याखाली तिकिटं फाडली असती.

एका पेट्रोल पंपाच्या मागच्या फरसबंद आवारात थांबायची परवानगी मिळाली. आमची पद्धत ठरलेली होती. सुधाकर स्टिअरिंगवर, मी ओट्यापाशी बुडबुड्यावर डोळे लावून. "पुढे, पुढे, अजून, थांबा! मागे. जास्त झालं." पंपावरची चार माणसं जमली. एकाने खिडकीशी येऊन काळजीने विचारलं, "काका, पंचर झाली का जी?"

"नाही, सपाट करतोय."

"काऊन?"

"झोपायला."

त्याने चाकाखालच्या पिवळ्या ठोकळ्याकडे बघितलं. "आमच्या खाटेचा एक पाय चार सालापासून आखूड हाय," असं म्हणून तो निघून गेला.

तिसऱ्या प्रयत्नात बुडबुडा मध्ये आला. पिवळे ठोकळे जिंकले. सुधाकर रात्रभर शांत झोपले आणि मी अधूनमधून उठून बुडबुडा बघत होते, जणू तो रात्रीतून सरकणार होता.

सावली

मूल गावाच्या पुढे जमीन बदलली. कापूस मागे राहिला आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू झाल्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला धानाचा तुकडा. कापणी होऊन गेलेली, उरलेले धसकटांचे पिवळे चौकोन, मध्येच तणसीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग. सुधाकर गाडी हळू करून म्हणाले, "कापून झालं गं. श्रावणात यायला हवं होतं." त्यांना त्याचं वाईट वाटलं होतं. मी मात्र बांध्यांकडे बघून मनात म्हणत होते की इतकी सपाट जमीन मी जन्मात पाहिली नाही, इथे आपलं कसं निभणार नाही?

निभलं नाहीच. सावली गावाजवळ एका तलावाकाठी थांबलो. माती वरून वाळलेली, आत ओली. गाडी पिवळ्या ठोकळ्यांवर चढली, बुडबुडा मध्ये येत होता, मी 'थांबा' म्हणणार तेवढ्यात डावा ठोकळा चिखलात तिरका झाला, ओल्या साबणाच्या वडीसारखा मागे सटकला आणि कडाड आवाज झाला. ठोकळा उभा तडकला होता. गाडी धप्पकन खाली बसली. मी धावत पुढे गेले. सुधाकर स्टिअरिंगवर डोळे मिटून बसले होते.

"येतेय का? चक्कर?"

"नाही. घाबरलो फक्त."

 मग पलंगाखालून सागवान काढलं. ठोकळे मातीत दबले, पण सटकले नाहीत. चौथ्या ठोकळ्याला बुडबुडा मध्ये आला. मी सुधाकरांना एक शब्द बोलले नाही, आणि त्यासाठी मला फार कष्ट पडले.

तलावावर जाळं धुणारे एक आजोबा बराच वेळ ते ठोकळे न्याहाळत होते. "सागवान होय ना जी?" त्यांनी विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. "चांगलं हाय," म्हणाले, आणि पुन्हा एकदा ठोकळ्यांकडे बघून, "जपून न्या." मला वाटलं, चोरीला जातील म्हणून सांगतायत.

चामोर्शी

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत सुधाकरांचा डेपो बाहेरून पाहिला. ते फाटकाशी दहा मिनिटं उभे राहिले. ओळखीचं कोणी उरलेलं नव्हतं. मग चामोर्शीला पोचलो तर बाजाराचा दिवस. वाळवलेल्या झिंग्यांचे ढीग, मातीची मडकी, बांबूच्या टोपल्या, तांदळाच्या इतक्या जाती की मला एकही ओळखता आली नाही. खानावळीत भाताचा डोंगर आणि लाखोळीच्या डाळीचं वरण आलं. मी सवयीने भाकरी मागितली. वाढणारी बाई म्हणाली, "भाकर? भात सरला का?" आमच्याकडे भात शेवटी येतो, ताटाचा शेवट म्हणून. इथे भात म्हणजेच ताट. डाळ मात्र अशी की मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

आतापर्यंतच्या रात्री नीट गेल्या होत्या. सुधाकरांनी तांदळाची एक पिशवी घेतली, बुटांना पॉलिश करून घेतलं, शीळ घालत होते. मला उलट जास्त धाकधूक होऊ लागली. माझा स्वभावच असा आहे की सगळं बरं चाललं की वाटतं, आता काहीतरी राहिलंय.

नाका

आलापल्लीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सागाचं रान दाटत गेलं. तिथे एका वळणावर वनखात्याचा नाका लागला. तिशीतली एक वनरक्षक बाई आली, खाकी गणवेश, केसांचा घट्ट अंबाडा. "मांग का हाय, काका?"

सुधाकरांनी हौसेने मागचं दार उघडलं, त्यांना आपलं घर दाखवायला आवडतं. तिने ओटा बघितला, कौतुक केलं, मग वाकून पलंगाखाली टॉर्च मारला. कौतुक थांबलं.

"हे सागवान होय."

"हो," मी म्हटलं.

"परवाना?"

"कसला परवाना? हे आमचं आहे. साताऱ्याहून आणलंय."

तिने टॉर्च माझ्याकडे वळवला. "साताऱ्याहून इथी सागवान आणलं?" तिने मागे वळून खोलीतल्या सहकाऱ्याला सांगितलं, "ऐकून राह्यले का? लोकं इथून नेतेत, ह्या बाई घेऊन आल्या."

सुधाकर हसायला लागले. मला हसू येत नव्हतं. सागाच्या जंगलात सागाचे आठ तुकडे, ताजे कापलेले, पलंगाखाली लपवलेले. मी तिला सगळं सांगितलं, प्रयोगशाळा, लिलाव, तराजू, चक्कर. आम्लाचे डाग दाखवले. तिने एक ठोकळा उचलून नाकाशी नेला आणि नाक मुरडलं.

"मले पटते जी," ती म्हणाली. "असा वास आमच्या जंगलात नाई. पण साहेब दौऱ्यावर हायेत. ते पाहल्याबिगर मले पुढं जाऊ देता येत नाई. ठोकळे इथी ठेवा, पावती देतो. परत येता तवा घेऊन जा."

तिचं काही चुकत नव्हतं, हाच तर त्रास होता. चूक माझी. महिनाभर मी सगळ्या शक्यता मोजल्या होत्या आणि लाकूड कुठे नेतोय याचा विचार केला नव्हता.

ठोकळे उतरवले. पावती मी पर्समध्ये ठेवली. माझ्याजवळ आता एक अख्खा पिवळा ठोकळा आणि एक तडकलेला. मी म्हटलं, "मागे फिरू. चामोर्शीला फरशी शोधू."

"एका रात्रीचा प्रश्न आहे," सुधाकर म्हणाले. "पुढे चौदा किलोमीटरवर गाव आहे. आमच्या डेपोची मुक्कामाची एसटी तिथे थांबायची, बिघडली की मी जायचो. ते गाव तुला दाखवायचंय."

"आणि उतार असला तर?"

"धानाचं गाव आहे. उतार कुठून येणार?"

मी गाडीत चढले. त्यांच्या आवाजात पत्रातला आवाज होता.

गाव

दुपारी तीनला पोचलो. शाळेच्या मैदानात धान वाळत पडलं होतं. पोलीस पाटलांनी आमची नावं लिहून घेतली आणि गावाच्या टोकाला शेवंताबाईंच्या आवारात थांबायला सांगितलं. दारात पंचशीलाचा झेंडा, अंगण सारवलेलं, कुंपणावर पोपटाच्या शेंगांचा वेल. ते लोक वालाला पोपट म्हणतात. शेवंताबाई पन्नाशीच्या, हातात विळा. नवरा गडचिरोलीला दवाखान्यात शिपाई, शनिवारी येतो. शेती त्या एकट्या बघतात. "ठेवा जी गाडी," म्हणाल्या, "जागा का खाते?"

अंगण सोडून बाहेरची जागा मात्र बांधाकडे उतरत होती. गाडी उभी केली आणि बुडबुडा उजव्या कडेला जाऊन चिकटला, म्हणजे डावी बाजू खाली, आणि पलंगाचं डोकं डावीकडे. मी सुधाकरांना दोनदा सांगितलं, "मी पाणी घेऊन येते, मग बघू काय करायचं. तोवर झोपू नका. बसायचं."

हातपंपावर घागर भरायला मला दहा मिनिटं लागली असतील. परत आले तर आतून घोगरा आवाज आला, "मला धर."

ते पलंगावर आडवे होते, नेहमीसारखे, डोकं डावीकडे. दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट पकडलेली, चेहरा पांढराफटक, डोळे मिटलेले. "कंबर टेकली जरा," म्हणाले. "सवयीने टेकली." मग उलटी झाली.

 मी शेवंताबाईंना हाक मारली. आम्ही दोघींनी त्यांना फिरवून डोकं उजवीकडे करायचा प्रयत्न केला, पण खांदा जरा उचलला तरी ते ओरडत. खाटेवर घालून घरात न्यायचं म्हटलं, तर बसवतानाच पुन्हा उलटी. "हलवू नका," ते म्हणत राहिले. "नुसतं... हे खाली जाणं थांबवा." गोळी पोटात ठरली नाही.

मी पिवळा ठोकळा घेऊन धावले. एका ठोकळ्याने दोन चाकं कशी उचलायची? जॅक काढला, तो मातीत रुतत होता, आणि आत माणूस. "काय घालू चाकाखाली? फळी आहे का? दगड?" मी विचारत सुटले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला त्याची लाज वाटायला वेळ नव्हता.

शेवंताबाई गाडीपुढे उभ्या राहून बघत होत्या. एकदा या चाकाकडे, एकदा त्या चाकाकडे. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही उचलून काऊन राह्यल्या?"

"अहो, ती बाजू खाली आहे ना!"

"मंग ही बाजू वरती हाय. हिले खाली घ्या." त्या फावडं घेऊन आल्या. "बांधी कशी करतो आम्ही? उंचवटा खांदतो अन् त्याची माती खोलगट्यात टाकतो. बांधी कोणी उचलते का?"

महिनाभर आम्ही दोघं शिकलेली माणसं फक्त काय वर करायचं याचा हिशेब करत होतो.

त्यांनी उजव्या पुढच्या चाकासमोर फावड्याने उतरता खड्डा घेतला, चार बोटं खोल, तळ असा सपाट की वाटीने घोटल्यासारखा. तसाच मागच्या उजव्या चाकासमोर. निघालेली माती डाव्या चाकांपुढे टाकून पायाने तुडवली, वर तणस पसरली, पुन्हा तुडवली. मी टोपलीने माती वाहत होते. पाऊण तासात झालं. ऊन कलायला लागलं होतं.

"आता गाडी दोन हात पुढं घ्या," शेवंताबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "चालवणारे आत पडलेत."

"तुम्हाले नाई येत?"

"गावात कोणी नाही?"

"दोघं हायेत. दोघं बी मळणीले गेले, उद्या येतीन."

उद्या. आतून पुन्हा तो आवाज आला. मी पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढले. पाय क्लचपर्यंत पोचेनात. सुधाकर उंच; सीटचा रूळ गंजून त्यांच्याच मापाला अडकून बसलेला. पाठीमागे उशी घातली, तेव्हा अंगठा टेकला. मग लक्षात आलं की इथून बुडबुडा दिसत नाही. तो मागे ओट्यावर. आजवर मी मागून 'पुढे, मागे' ओरडत होते, आणि सुधाकर न बघता नुसतं माझ्या शब्दावर गाडी हलवत होते. कधी चिडले नव्हते.

"अहो," मी मागे ओरडले, "गाडी हलणार आहे. मी चालवतेय."

 मागून आवाज आला, "हँडब्रेक शेवटी सोड."

इंजिन चालू केलं. पहिला गियर पडताना कर्र असा आवाज झाला. शेवंताबाई समोर उभ्या राहिल्या, दोन्ही हात पुढे, बैलाला बोलवावं तसे. "या. या. या जी. हळू." क्लच सुटताना गाडी थरथरली, मीही. मग ती पुढे झाली, उजवीकडून खाली उतरली, डावीकडून किंचित वर आली. "बस! बस बस बस!" मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. किल्ली फिरवली. हँडब्रेक इतका ओढला की निघताना सोडायला दोन्ही हात लागले.

मागे धावले. सुधाकरांच्या मुठी सैल झाल्या होत्या. "थांबलं," ते म्हणाले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं होतं. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून तशीच बसले. बराच वेळ.

मग सवयीने ओट्याकडे नजर गेली. बुडबुडा मध्ये नव्हता. डावीकडे सरकलेला, डोक्याची बाजू आता बोटभर वर. मी फावड्याकडे बघितलं. शेवंताबाईंनी दारातून विचारलं, "का झालं?"

"थोडं चुकलंय. डोकं वर झालंय."

"राहू द्या जी. म्याच तसं केलं. बांधी बी एकदम सपाट नाई ठेवत, पाण्याले जायाले वाट लागते. डोक्यातलं बी उतरलं पायजे का नाई?"

डॉक्टरही तेच म्हणाले होते. डोकं खाली नको, एवढंच. सपाट हवं, हे माझ्या तराजूचं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी बुडबुडा कडेला सोडला आणि तिथून उठले.

दुसरा दिवस ते पडूनच होते. मी शेवंताबाईंबरोबर पोपटाचे दाणे सोलले. तिसऱ्या सकाळी ते माझा खांदा धरून बांधापर्यंत आले. समोर कापलेल्या बांध्या, धुक्याखाली ओल्या. "तेव्हा आली असतीस तर हिरवं दिसलं असतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "तेव्हा यायला हवं होतं. चुकलं माझं." हे मी त्यांना इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं.

परत नाका

निदान दोन दिवस त्यांनी स्टिअरिंगला हात लावायचा नव्हता. म्हणून ते चौदा किलोमीटर मी चालवले. पाठीमागे उशी, घामाने ब्लाउज चिकटलेला, दुसऱ्या गियरच्या वर काही नाही. एक एसटी हॉर्न देत मागे आली, तेव्हा मी सरळ बाजूला थांबले आणि तिला जाऊ दिलं. सुधाकर शेजारी बसून रस्त्याकडे बघत होते. एकदाही 'अगं' म्हणाले नाहीत.

नाक्यावर तीच वनरक्षक. तिने आधी माझ्याकडे, मग शेजारी बसलेल्या काकांकडे बघितलं. साहेबांनी ठोकळे पाहून नोंद केली होती. तिने कागद दिला, ठोकळे स्वतः आणून पलंगाखाली ठेवले. "हा कागद हरवू नका," म्हणाली, "नाईतर साताऱ्यालेच अडवतीन."

ती गेल्यावर सुधाकर म्हणाले, "बरं. घरी गेल्यावर गाडीची जाहिरात देऊ. अट ती अट." समोर बघतच म्हणाले, शांतपणे, अगदी ठरवून आल्यासारखे.

मला खूप काही म्हणायचं होतं. अट मी घातली होती ती चालवणारा एकच आहे या भीतीने, हे सांगायचं होतं. पण पाठ दुखत होती.

"ते नंतर बघू," मी म्हटलं. "आधी ही सीट चार बोटं पुढे सरकवा. मला चामोर्शीपर्यंत पाठीशी उशी घेऊन जाता येणार नाही."

त्यांनी सीटच्या गंजलेल्या रुळाकडे बघितलं.

"मला वाकायचं नाही," मग म्हणाले. "तू कर, मी सांगतो. तेरा नंबरचा पाना ओट्याच्या डाव्या खणात आहे."

मी उठून तो काढायला गेले.